डाव्या कानशिलावरचा डाग

नागपूर, १८ जानेवारी १९७९

चि. रुपरावास अनेक आशीर्वाद.

तुझा दुपट्टा माझ्याकडे राहिला आहे. फोटोच्या खोलीबाहेर व्हरांड्यात खुंटीला होता. तू परत येशील म्हणून चार दिवस तसाच ठेवला, मग माझ्या टेबलाच्या खणात टाकला.

तू भागीला घेऊन मुंबईला गेल्याचं उमरेडच्या तुझ्या शेजाऱ्यांकडून कळलं. परळचा पत्ताही त्यांनीच दिला. मधुकरराव तुमच्याजवळ आहेत हे बरं झालं. गोपिकेचा भाऊ तिच्या लेकीला अंतर देणार नाही.

रुपा, गोपिका गेल्यापासून तू माझ्या दवाखान्याची पायरी चढला नव्हतास. भागीला झटके यायला लागले म्हणून चढलास. तुला त्या दिवशी काय वाटत असेल ते मला कळत होतं. म्हणून तू व्हरांड्यात सगळ्यांदेखत जे बोललास त्यावर मी उत्तर दिलं नाही. ‘गोपिकेच्या टाइमालेबी तू हेच म्हणे, थांब, पाहू. पाठीत सुई टोचली, अन् मी पाहतच राहिलो. आता माह्या पोरीले टोचून राहिली.’ एवढं बोललास, काउंटरवरून फिल्म आणि कागद उचललास आणि भागीचा हात धरून निघालास. भागीने फाटकाशी मागे वळून पाहिलं. तिची मान वळवायची लकब अगदी तुझ्या-माझ्या आईसारखी आहे.

पण तू अर्धाच कागद घेऊन गेला आहेस. औषध दिल्यावर तासाभराने तिच्या मेंदूचा पहिला फोटो घेतला, त्यात डाव्या कानशिलापाशी डाग दिसला. तो मी तुला दाखवला, कारण तू विचारलंस. दुसरा फोटो दुपारी घ्यायचा होता. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्याशिवाय त्या डागाचा अर्थ लावता येत नाही. कागदावर तळाशी मी लिहिलं आहे, ‘दुसरा फोटो बाकी’. मुंबईचे सर्जन मात्र वरची ओळ वाचतील, ‘डावीकडे गळतीची शक्यता’, आणि पेन्सिलीने भागीच्या डोक्यावर खूण करतील. त्यांचाही दोष नाही.

तिला परत आण. येणं शक्य नसेल तर तिथेच दोन्ही फोटो पुन्हा घ्यायला सांग. मुंबईत तशा मशिनी आहेत. माझ्यावरचा राग तुला हवा तितके दिवस ठेव, तो या कामात आणू नकोस.

तुझी
बाई


नागपूर, २५ जानेवारी १९७९

चि. रुपरावास आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. येईल अशी आशाही नव्हती. पण काल इथे जे झालं ते तुला ताबडतोब कळायला हवं, म्हणून हे पत्र एक्स्प्रेस डिलिव्हरीने पाठवते आहे.

आमचं ते किरणं सोडणारं औषध मुंबईहून शिशाच्या डब्यात येतं, आठवड्यातून एकदा. त्या दिवशी सगळ्यांचे फोटो उरकायचे असतात. काल पारशिवनीचे चंपतराव म्हणून एक म्हातारे शेतकरी आले होते, बायकोला घेऊन. त्यांचं डोकं सारखं दुखतं. औषध दिलं, व्हरांड्यात बसवलं, तासाने टेबलावर घेतलं. आणि फोटो पाहून मी खुर्चीतच मागे सरकले. म्हाताऱ्याच्या डोक्याभोवती काळा पट्टा उमटला होता, पुरा वाटोळा, राजाच्या मुकुटासारखा. असा आजार कोणत्याच पुस्तकात नाही.

मी विचारलं, ‘‘बाबाजी, डोक्याला काय लावलं होतं?’’

‘‘काई नाई, बाई. तेलबी नाई. बुढी म्हणे, डॉक्टरीन बाई रागवन.’’

‘‘मग हे फडकं?’’

‘‘फडकं त बांधलं होतं. थंडी किती हाय! कान झोंबून राहिले. तुमच्या नर्स पोरीनं मशिनीजवळ सोडाले लावलं.’’

‘‘आणि तोंड कशाने पुसलंत?’’

‘‘त्यानंच. दुसरं कुठून आणू? तंबाखूचा खर्रा खाल्ला, तोंड पुसलं, बांधलं.’’

त्यांची बायको पदराआडून म्हणाली, ‘‘मले त लाज वाटते वं, बाई. लग्न झालं तवापासून पाहून राहिली, असंच करते हा मानूस.’’

रुपा, ते औषध रक्तात जातं तसं लाळेतही उतरतं. लाळ फडक्याला लागली, फडकं डोक्याला लागलं आणि मशिनीने केसांवरची लाळ टिपली. मशिनीला केस आणि मेंदू यांतला भेद कळत नाही. आम्ही त्यांचं डोकं साबणाने दोनदा धुतलं आणि फोटो पुन्हा घेतला. पट्टा गेला. ते ऐकून बायको म्हणाली, ‘‘घंटाभर राजा होता माहा बुढा. आता परत चंपत.’’ सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला तुझा दुपट्टा आठवला.

खोलीत जाऊन तो खणातून काढला. त्याचं एक टोक वाळून कडक झालेलं आहे.

आता तो मशिनीखाली धरून काही उपयोग नाही. ते औषध दोन दिवसांत विरून जातं. आता त्यात पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून तुला विचारते, आणि एवढंच विचारते. औषध दिल्यावर भागी गुंगीत होती, तिच्या तोंडातून लाळ येत होती. ते नर्सने पाहिलं आहे. तू तिचं तोंड या दुपट्ट्याने पुसलंस का? मग तो तिच्या कानांवरून बांधलास का? बांधला असशील तर गाठ कोणत्या बाजूला होती?

आणि हेही लिहून ठेवते, म्हणजे बाईने लपवलं असं तू म्हणणार नाहीस. डाग खराही असू शकतो. तो खरा असेल आणि माझ्या सांगण्यावरून ऑपरेशन लांबलं, तर त्याचं जे होईल ते माझ्यावर. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला.

उत्तर लगेच पाठव. एका कार्डावर, एका ओळीचं चालेल.

तुझी
बाई


नागपूर, १ फेब्रुवारी १९७९

चि. रुपरावास आशीर्वाद.

मधुकररावांच्या हातचं तुझं उत्तर मिळालं. ते तुझ्याच शब्दांत उतरवून पाठवल्याबद्दल त्यांचे आभार. मला तुझा आवाज ऐकू आला. ‘गोपिकेच्या टाइमाले ताप होता म्हणे, आता माह्या दुपट्ट्यावर घालून राहिली. काहून? म्या पोरीचं वाईट केलं काय? आता सुई नाई, फोटो नाई. एकदाचं काय ते कापा.’

तू प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. फक्त रागावलास.

सर्जनशी काल ट्रंक कॉलवर बोलले. भला माणूस आहे. म्हणाले, गळ्यातल्या शिरेत रंग सोडून फोटो काढला, त्यात नीट काही दिसलं नाही, म्हणून उघडून पाहायचं ठरलं. माझं म्हणणं त्यांना पटलं. पण त्यांचंही ऐक. घरच्यांची संमती असली तरच ते पुन्हा इंजेक्शन देतील. नसेल तर शुक्रवारी, नऊ तारखेला, भागीचं नाव यादीत आहेच.

म्हणजे सगळं तुझ्यावर येऊन थांबलं आहे. म्हणून आज न भांडता, सावकाश सांगते.

मेंदूतल्या रक्ताच्या बारीक नळ्या साध्या नसतात. त्यांची वीण इतकी घट्ट असते की रक्तातली प्रत्येक गोष्ट मेंदूत उतरू शकत नाही. आपल्या बाबांच्या हातमागावरची किनार आठव, पाणी टाकलं तर थेंब वर उभा राहायचा. गाठ झाली, सूज आली, की ती वीण तेवढ्या जागी विरविरीत होते आणि तिथून औषध आत झिरपतं. फोटोत दिसतो तो झिरपलेला भाग. पण एकदा पाहून कळतं ते इतकंच, की तिथे काहीतरी आहे. खरंच झिरपत असेल तर दुपारपर्यंत ते भरत जातं. मी डावीकडचे ठिपके मोजते, उजवीकडच्या तेवढ्याच जागेतले मोजते, आणि सकाळचा फरक दुपारच्या फरकाशी ताडून पाहते. फरक वाढला तर वीण सुटली आहे, आणि किती सुटली आहे तेही कळतं. वरून लागलेला डाग वाढत नाही. धुतला की जातो.

तयार लुगड्यावर डाग दिसला तर तू काय करतोस, रुपा? आधी बोट ओलं करून पाहतोस, रंग सुतातून फुटला आहे की वरून काही सांडलंय. ते पाहिल्याशिवाय तू कधी लुगड्याला कात्री लावली आहेस?

मी तुला इतकंच करायला सांगते आहे. आधी बोट ओलं करून बघ.

गोपिकेचं तू पुन्हा काढलंस. तिच्या पाठीतून काढलेलं पाणी गढूळ होतं. त्या पाण्यामुळेच मेंदूचा ताप कोणता ते कळलं आणि त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं. पण तोवर ताप हाताबाहेर गेला होता. सुईने तिला नेलं नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, पण तू भिंतीकडे तोंड करून बसला होतास. माझी भावजय होती ती. मला ‘जेन डॉक्टर’ म्हणून चिडवायची, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर मला जेन म्हणत हे तूच तिला सांगितलं होतंस. मीही रडले होते. तुझ्यासमोर नाही, इतकंच.

आता एक विचारते. माझी पत्रं तुला कोण वाचून दाखवतं? इतके दिवस मी समजत होते, मधुकरराव. पण त्यांच्या पत्राच्या तळाशी वेगळ्या, गोल अक्षरात एक ओळ आहे. ‘आत्या, तुझं अक्षर छान आहे.’

तुझी
बाई


नागपूर, १ फेब्रुवारी, त्याच पाकिटात

चि. भागीरथीस गोड आशीर्वाद.

भागी, ही चिठ्ठी तुझी आहे. आधी मनात वाच. मग बाबांना वाचून दाखवायची का, ते तू ठरव.

माझी सगळी पत्रं तूच वाचलीस म्हणजे ‘डाग खराही असू शकतो’ हे वाक्यही तुझ्याच तोंडून मोठ्याने वाचलं गेलं. बाळ, मला माहीत असतं तर मी ते असं लिहिलं नसतं. पण लिहिलं असतं नक्की. तुझ्यापासून लपवून काय साधणार होतं?

आम्ही भावंडं भांडत बसलो. सर्जन बाबांना विचारतात, मी बाबांना विचारते, मामा बाबांचं म्हणणं लिहून घेतात. ज्या डोक्याबद्दल हे सगळं चाललं आहे ते तुझं आहे, आणि तुला कोणी काही विचारलेलं नाही. म्हणून मी विचारते. त्या सकाळी बाबांनी तुझे कान बांधले होते का? गाठ कुठे होती? घाईने ‘हो’ लिहू नकोस. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको. आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही. तू गुंगीत होतीस, न आठवण्यात काही चूक नाही.

दुसरं असं की तू एकोणीस वर्षांची आहेस. इंजेक्शनला हो किंवा नाही म्हणायचा हक्क तुझाही आहे, आणि डॉक्टरांना ते ऐकावं लागेल. पण बाबांना बाजूला सारून जाऊ नकोस. त्यांच्यादेखत बोल. ते ओरडतील, मग गप्प होतील. गप्प झाले की समजायचं, ऐकलं. लहानपणापासून त्यांचं असंच आहे.

फोटोच्या आधी केस साबणाने धुऊन घे, आणि डोक्याला काही बांधू नकोस. थंडी वाजली तरी.

तुझी
आत्या


नागपूर, ८ फेब्रुवारी १९७९, गुरुवार

रुपा,

हे पत्र पोस्टात पडेल की नाही माहीत नाही. फोनजवळ बसले आहे. मुंबईचा कॉल सकाळी नोंदवला, लाइन मिळत नाही. ऑपरेटर म्हणते, ‘‘मॅडम, पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून लवकर लागत नाही.’’ हात रिकामा राहवत नाही म्हणून लिहिते.

भागीचं कार्ड आज आलं. तुला माहीतच असेल, तरी तिचे शब्द इथे उतरवते. ‘आत्या, मला आठवतं. बाबांनी आधी माझं तोंड पुसलं, मग कान बांधले, कारण मी कुडकुडत होते. गाठ डावीकडे होती, ती मला टोचत होती म्हणून मी हाताने सरकवत होते. मशिनीजवळ नर्सबाईंनी दुपट्टा सोडून बाबांकडे दिला. हे मी बाबांसमोर लिहिते आहे. ते आधी खूप ओरडले. आता काही बोलत नाहीत. पण हे कार्ड पोस्टातून त्यांनीच आणून दिलं. गुरुवारी दोन्ही फोटो घ्या असं मी डॉक्टरांना सांगितलं आहे.’

कार्ड वाचलं आणि मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. गाठ डावीकडे होती, म्हणून डाग गाठीचाच, असं म्हणता येत नाही. दोन्ही असू शकतं. वरून लाळ आणि आत खरंच काही. आज काय ते कळेल, आणि ते मला इथे बसून दिसत नाही. पहिला फोटो झाला असेल. दुसऱ्याची वेळ होत आली आहे. धुतलेल्या केसांवरही तो डाग तिथेच असला, आणि सकाळपेक्षा गडद असला, तर उद्या तुझ्या पोरीला आत नेतील आणि तू बाहेर एकटा बसशील. मी इथे असेन.

तुला एक गोष्ट आठवते का? बाबा कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेच्या टेबलाचं कापड द्यायला यायचे तेव्हा तूही यायचास, गाठोडं घेऊन. आत फक्त मुलींना जाऊ द्यायचे. तू फाटकाबाहेर उभा राहायचास आणि मी सिस्टर अ‍ॅग्नेसने दिलेलं बिस्कीट अर्धं करून रुमालात बांधून आणायची. एकदा तू विचारलंस, ‘‘बाई, आत काय करतेत वं?’’ मी म्हणाले, ‘‘इंग्रजीत गप्पा.’’ तू खूप हसलास. नंतर मला वाटत राहिलं, तू हसलास ते मला बरं वाटावं म्हणून. मी आत जात राहिले आणि तू मागावर बसलास. ते काही आपण ठरवलं नव्हतं.

फोन वाजतोय.


नागपूर, २२ फेब्रुवारी १९७९

चि. रुपरावास अनेक आशीर्वाद.

सोबतच्या पार्सलात तुझा दुपट्टा आहे. या वेळीही तू तो न नेताच गेलास.

खरं म्हणजे तू आत आलाच नाहीस. परवा भागी एकटीच पायऱ्या चढून वर आली आणि म्हणाली, ‘‘बाबा खाली हायेत.’’ मी खिडकीतून पाहिलं. तू फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभा होतास, पाठमोरा, पायाशी गाठोडं. चाळीस वर्षांत तुझी उभं राहायची तऱ्हा बदललेली नाही.

मी भागीला बसवलं, खाऊ घातलं. मुंबईच्या दोन्ही फिल्म खिडकीशी धरून तिला दाखवल्या. सकाळची डावी बाजू उजवीसारखीच. दुपारचीही तशीच. मी स्वतः सगळं पुन्हा मोजून पाहिलं, सर्जनवर विश्वास नव्हता म्हणून नाही, मला मोजायचं होतं म्हणून. कुठे काही झिरपत नाही. तिच्या डोक्यातली वीण घट्ट आहे. झटके हा वेगळा आजार आहे, त्याला गोळ्या आहेत, त्या तिला लिहून दिल्या आहेत. एकही चुकवायची नाही. विहिरीवर एकटीने जायचं नाही, चुलीपाशी एकटीने बसायचं नाही. वर्षभर झटका आला नाही की पुढचं पाहू. लग्नाचं विचारायला कोणी आलं तर झटक्यांचं लपवू नकोस.

मग बिस्किटाचा पुडा रुमालात बांधून मी खाली आले. मला पाहून तू गाठोडं उचललंस आणि म्हणालास, ‘‘बस सुटन, बाई.’’ मी पुडा पुढे केला, तू घेतलास. रुमालाच्या गाठीवरून बोट फिरवलंस आणि विचारलंस, ‘‘म्हंजे पोरीचं डोस्कं म्याच कापाले लावत होतो काय?’’

बस खरंच सुटत होती. म्हणून इथे लिहिते. भागी वाचून दाखवेल.

नाही. तू पोरीचं तोंड पुसलंस आणि तिला थंडी वाजते आहे असं पाहून तिचे कान बांधलेस. मशिनीने तेवढंच टिपलं. ते वाचायला आम्हाला वेळ लागला.

भागी जाताना सांगत होती, बाबा आता दुपट्टा खांद्यावर घेत नाहीत. मुंबईहून येताना गाडीत रात्रभर गार वारा होता, तिने गाठोड्यातला दुसरा दुपट्टा कान बांधायला मागितला, तर म्हणाले, ‘‘नाई, असूच दे.’’

इतवारीच्या बाजाराला पहाटे बाबांच्या हातगाडीवर लुगड्यांच्या गाठोड्यांमधे बसून आपण जायचो. तू इतका लहान होतास की गाठोड्यांत दिसायचा नाहीस, आणि थंडीने रडायचास. आई गाडीमागून चालत यायची आणि मला सांगायची, ‘‘जने, त्याचे कान बांध वं.’’ मी बाबांचा दुपट्टा घेऊन आधी तुझं नाक पुसायची आणि मग त्याच दुपट्ट्याने तुझे कान बांधायची. गाठ डावीकडे घालायची, कारण उजव्या अंगाला तू माझ्या मांडीवर टेकायचास.

दुपट्टा धुतला आहे, वाळवला आहे, इस्त्री केली आहे. उमरेडला अजून थंडी असेल. तिचे कान बांध.

तुझी
बाई